रंग सालीचा, चव सालीची

आमच्या घरची बाग निफाड तालुक्यात, थॉमसनची. पातळ सालीचं, बिनबियांचं, दाताखाली येताच रसाळ होणारं द्राक्ष मी लहानपणापासून खात आले. चुलतभावाने मात्र दिंडोरीकडच्या रानात शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉ लावली आहेत, वायनरीशी करार करून. फेब्रुवारीत तोडणी सुरू झाली तेव्हा त्याने मला मुद्दाम बोलावलं. ओळीत शिरता शिरता म्हणाला, "वाईनचं नंतर बघू. आधी मणी खा. गर गिळ, पण साल तोंडात ठेव आणि चावत राहा."

कॅबर्नेचा मणी जेमतेम सेंटिमीटरभर. गर आमच्या थॉमसनपेक्षा गोड लागला, आणि ते स्वाभाविकच होतं. खायची द्राक्षं साधारण १६ ते १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात. या लाल जातींना २३-२४ ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवतात, कारण याच साखरेचं पुढे अल्कोहोल होतं. साल चावू लागले तशी गोडी मागे पडली आणि हिरड्यांवर तुरटपणा चढला. दादाने एक मणी पांढऱ्या कागदावर पिळून दाखवला. रस जवळजवळ बिनरंगी. सालीने मात्र माझी बोटं जांभळी झाली होती. मग त्याने बी फोडली: आतून तपकिरी, म्हणजे माल तयार. हिरवी बी कडू असते आणि तो कडवटपणा वाईनमध्ये उतरतो.

लाल वाईनचं सगळं मर्म मला तिथे वेलीखाली उभ्या उभ्या कळलं. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षं आधी पिळतात आणि नुसता रस आंबवतात. लालसाठी रस सालींसकट आंबतो. साली वर तरंगून जाड थर धरतात. तो थर दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, नाहीतर खालचा रस पंपाने वर घेऊन त्यावर सोडावा लागतो. रंग, तुरटपणा आणि सुगंधाचा मोठा भाग असा सालीतून रसात येतो.

दुपारी वायनरीत चार ग्लास समोर आले. चारही लाल, एकाच वर्षाच्या, याच परिसरातल्या. वाईन बनवणारी तरुण मुलगी म्हणाली, "ताई, पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्या." घेतला. आंबट, तुरट आणि घशाशी किंचित ऊब, एवढंच जाणवलं. नाक सोडलं आणि त्याच घोटात फळांचा वास भरून आला. आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं तोंडाच्या मागच्या वाटेने नाकात पोचतं, हे त्यानंतर कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

पहिली झिनफांडेल. अमेरिकेत गाजलेल्या या द्राक्षाचं मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावर आहे, हे डीएनए चाचणीतून २००१ च्या सुमारास सिद्ध झालं. याचा घड एकसारखा पिकत नाही. काही मणी मनुक्यासारखे सुकतात तेव्हा काही अजून आंबट असतात. वाईनमध्ये मला दोन्ही सापडलं: मुरवलेल्या फळाची दाट गोडी आणि तिच्यामागून सरळ येणारा आंबटपणा.

दुसरी टेम्प्रानिलो, मूळची स्पेनची. हिच्यात फळ मागे होतं. सुकं अंजीर, तंबाखूचं पान, आणि ओकच्या पिंपामुळे आलेली व्हॅनिला. थोडी हवा लागल्यावर लवंगही आली. लवंगेतलं युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं, त्यामुळे तो वास खराच होता.

तिसरी शिराझ. रंग गडद जांभळा, पिकलेल्या जांभळाचा वास, आणि घोट गेल्यावर काळी मिरी. मी मिरी म्हटलं तेव्हा शेजारी बसलेल्या दादाला ती येईना, त्याने पुन्हा पुन्हा हुंगूनही. द्राक्ष त्याच्याच रानातलं! मिरीचा हा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझमधलं हे द्रव्य २००८ मध्ये ओळखलं. मिरीतही तेच असतं, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला ते जाणवतच नाही. एकाच बाटलीची दोन माणसांची वर्णनं वेगळी निघतात आणि दोन्ही प्रामाणिक असतात, ते यामुळे.

शेवटी कॅबर्ने सोव्हिन्यॉ. कॅबर्ने फ्रांक आणि पांढऱ्या सोव्हिन्यॉ ब्लांकच्या संकरातून ती जन्मली, हे १९९७ मध्ये कळलं. आधी काळ्या करवंदाचा वास, त्याखाली ढोबळ्या मिरचीची हिरवट झाक. घडांना ऊन कमी मिळालं की ही झाक वाढते, म्हणून घडांभोवतीची पानं विरळ करतात. मग घोट घेतला, आणि सकाळी सालीने हिरड्यांवर आणलेला तुरटपणा जसाच्या तसा परत आला. सालीतलं तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. मधे चीजचा तुकडा खाल्ला तर तोच घोट मऊ लागला. तिखट शेव तोंडात टाकून घेतला तेव्हा अल्कोहोलने तिखट आणखी भडकलं. आपल्या झणझणीत मटणाशी मी कॅबर्ने मांडणार नाही. तिथे फळाकडे झुकणारी झिनफांडेल बरी.

लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ती खोली युरोपातली. १६ ते १८ अंशांना जी वाईन खुलते, तिचा नाशिकच्या मार्चमध्ये नुसता अल्कोहोलच नाकाला लागतो. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवण्यात काहीही गैर नाही.

ज्यांना या वाईन समजून घ्यायच्या आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: एकटी महागडी बाटली आणू नका. एकाच वायनरीच्या, एकाच वर्षाच्या दोन जाती आणा आणि शेजारी शेजारी ठेवून चाखा. लेबलवरचं वर्णन नंतर वाचा. आपण खाल्लेली फळं, आपल्या डब्यातले मसाले आठवत आधी स्वतःचे चार शब्द लिहा. एकट्या ग्लासातली शिराझ नुसतीच छान लागते. बाजूला कॅबर्ने आली की तिची मिरी, तिचं जांभूळ, तिच्या सालीचा स्वभाव वेगळा उठून दिसतो. माती, ऊन आणि हात तेच असताना केवळ द्राक्षाच्या सालीने एवढा फरक पडतो, हे ज्याने एकदा जिभेवर अनुभवलं, त्याच्यासाठी यापुढे कुठलीही वाईन नुसती 'लाल' राहणार नाही.