उघड्यावर ठेवलेले आडनाव

रोबेर्तो एस्पोझितो या इटालियन तत्त्वज्ञाचे 'कम्युनितास' (१९९८) हे पुस्तक काही वर्षांपूर्वी शिकवण्याच्या निमित्ताने वाचत होते. समुदाय म्हटले की काहीतरी सामाईक मालकीची वस्तू आपण मनात धरतो. एस्पोझितो मात्र लॅटिनमधल्या 'मुनुस' या शब्दापर्यंत जातो. मुनुस म्हणजे देणे, ऋण, फेडण्याची जबाबदारी. आणि समुदाय म्हणजे असे ऋण एकत्र वाहणाऱ्यांचा. शब्दाचे मूळ खणत खणत विचार उभा करण्याची ही त्याची रीत. तेव्हा एका विद्यार्थिनीने सहज विचारले की, सगळ्या शब्दांची मुळे खणणाऱ्या या गृहस्थाच्या स्वतःच्या आडनावाचा अर्थ काय? उत्तर दोन शब्दांचे होते, पण त्याने मला पुस्तकापेक्षा अधिक काळ गुंतवून ठेवले.

एस्पोझितो म्हणजे 'बाहेर ठेवलेला'. अधिक स्पष्ट सांगायचे तर टाकलेले मूल.

लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर, 'पोनेरे' म्हणजे ठेवणे, त्यावरून 'एक्स्पोसितुस'. नाटकाच्या पहिल्या अंकातल्या ज्या भागाला आपण वर्गात 'एक्स्पोझिशन' म्हणतो, तोही याच क्रियापदाचा वंशज. आजच्या इटालियनमध्ये 'उघड्यावर असलेला' या अर्थी 'एस्पोस्तो' हा आखूड शब्द वापरतात. आडनावात मात्र लॅटिनचे लांब रूप टिकून राहिले आहे, आणि ही बारीकशी गोष्ट बरेच काही सांगते. हा शब्द गल्लीतल्या बोलण्यातून आलेला नाही. तो नोंदवहीतून, धर्मसंस्थेच्या कारकुनाच्या टाकातून उतरलेला आहे. टाकलेल्या मुलाचे नाव आपल्या परंपरेतही आहे. परंतु कर्णाला 'राधेय' म्हणताना आपण त्याला वाढवणारीचे नाव घेतो. एस्पोझितोत वाढवणारी नाही आणि जन्म देणारीही नाही. आहे ती फक्त एका रात्री घडलेली कृती.

नापोलीच्या जुन्या वस्तीत आनुन्त्सियाता नावाची धर्मसंस्था चौदाव्या शतकापासून उभी आहे. चर्च, रुग्णालय आणि टाकलेल्या मुलांचे संगोपनगृह असा तिचा एकत्र पसारा होता. रस्त्याकडच्या भिंतीत एक झरोका, आणि झरोक्याच्या आत उभ्या आसावर फिरणारे, एका बाजूने उघडे असलेले लाकडी पिंप. यालाच 'रुओता', म्हणजे चाक, म्हणत. रात्री कोणीतरी येई, पिंपात मूल ठेवी, घंटा वाजवी आणि निघून जाई. आत जागी असलेली बाई पिंप फिरवी. मूल आत येई, आणणाऱ्याचा चेहरा बाहेरच राही. हा झरोका आजही पाहता येतो. आपल्या मुलाला आत चांगले खायला मिळेल म्हणून काही आईबाप बाळपण ओलांडलेल्या मुलांनाही अंगाला तेल चोपडून त्यातून आत ढकलत, अशी कथा नापोलीत सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, भुकेचे वर्णन म्हणून विश्वसनीय आहे.

कारण ही मुले सगळी अनौरस होती, असे समजणे बरोबर नाही. डेव्हिड कर्टझर या अभ्यासकाने 'सॅक्रिफाइज्ड फॉर ऑनर' (१९९३) या ग्रंथात या व्यवस्थेची चिरफाड केली आहे. अविवाहित आईवर मूल सोडून देण्यासाठी घरचा, पाद्र्याचा, कधीकधी सरकारी यंत्रणेचाही दबाव असे. अब्रू वाचवण्याची किंमत मुलाने मोजायची, असा तो हिशेब होता. पण त्याच झरोक्यातून विवाहित गरिबांची मुलेही मोठ्या संख्येने आत जात. दुष्काळ पडला, आईचे दूध आटले, घरात आधीच चार तोंडे असली की चाक फिरे. आत गेलेल्यांतली फार थोडी मोठी होत. दूधआया कमी, मुले अनेक, आणि साथीचे रोग. म्हणजे आज हे आडनाव लावणारे जे लोक आहेत, ते मूळ एस्पोझितोंच्या एका लहान हिश्श्याचे, जगलेल्यांचे, वंशज होत. त्यातही बापाचेच आडनाव पुढे जाण्याच्या रीतीमुळे मुलींकडून ते सहसा पुढे गेले नाही.

या संस्थांच्या नोंदवह्यांविषयी वाचताना एक विरोध सारखा टोचत राहतो. मूल कोणत्या दिवशी, किती वाजता आले, अंदाजे किती दिवसांचे होते, अंगावर कोणते कापड होते, सोबत काही खूण होती का, हे सारे कारकून लिहून ठेवी. नापोलीत गळ्यात शिशाची बिल्ली बांधत. फ्लॉरेन्सच्या 'इन्नोचेन्ती' या संगोपनगृहाच्या संग्रहालयात अशा खुणा जपून ठेवल्या आहेत : अर्धे कापलेले पदक, मोडलेल्या वस्तूचा एक तुकडा. दुसरा अर्धा भाग आईजवळ. कधी परिस्थिती पालटली तर दोन अर्धी जुळवून मूल ओळखता यावे. ती इमारत ब्रुनेलेस्कीची. तिच्या दर्शनी कमानींवर अन्द्रेया देल्ला रोब्बियाने घडवलेली, कापडी पट्ट्यांत गुंडाळलेली मातीची बाळे आहेत. तिथे दाखल झालेल्या पहिल्या मुलीचे नावही आपल्याला ठाऊक आहे : आगाता स्मेराल्दा, ५ फेब्रुवारी १४४५. इतकी बारकाईने नोंदलेली ही मुले. आणि तरीही नाव देण्याची वेळ आली की नापोलीची वही एकाच शब्दावर येऊन थांबे. कापडाचा रंग प्रत्येकाचा वेगळा, आडनाव सगळ्यांचे एक.

इतर शहरांचे शब्द निराळे होते. रोममध्ये 'प्रोइएत्ती', म्हणजे फेकलेले. विख्यात नट जिजी प्रोइएत्ती (१९४०–२०२०) यांचे आडनाव तेच. फ्लॉरेन्समध्ये संस्थेच्याच नावावरून 'इन्नोचेन्ती', निष्पाप. मिलानच्या मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर, म्हणून तिथली मुले 'कोलोम्बो'. (यावरून अमेरिकेला पोचलेल्या जेनोवाच्या दर्यावर्द्याला कोणी टाकलेले मूल ठरवू नये, कबुतरावरून आडनाव पडायला इतरही कारणे असतात.) सिसिलीत 'त्रोवातो', सापडलेला. 'फेकलेला' आणि 'सापडलेला' या शब्दांत दृष्टीचा केवढा फरक आहे! रोममधल्या एका ओंगळ शिवीचा उगमही या वह्यांत शोधतात : 'अज्ञात मातेचा पुत्र' या लॅटिन नोंदीचे संक्षिप्त रूप लोकांनी एक शब्द म्हणून वाचले आणि 'वेश्येचा मुलगा' या अर्थाची शिवी तयार झाली, म्हणे. ही लोकव्युत्पत्तीच दिसते. पण नोंदवहीतली भाषा गल्लीत पोचल्यावर तिचे काय होते, हे लोकांना पक्के ठाऊक होते, एवढे तिच्यावरून कळते.

ही शिवी थांबवण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रेंच अमलात झाला. नेपोलियनचा मेहुणा जोआकिम मुरा १८०८ ते १८१५ नापोलीचा राजा होता. त्याच्या राजवटीत अशी उगम उघड करणारी आडनावे देण्यावर बंदी आली. हेतू उदार होता. परिणाम असा की दर नव्या मुलासाठी कारकुनाला नवे आडनाव रचावे लागू लागले. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला मिस्टर बम्बल वर्णमालेच्या क्रमाने अनाथांना आडनावे वाटतो आणि आपण जणू साहित्यिकच आहोत अशा तोऱ्यात वावरतो, हे वाचकांना आठवेल. डिकन्सने ते हास्यास्पद केले, पण युरोपभर ते रोजचे कारकुनी काम होते. शिल्पकार विन्चेन्झो जेमितो हा १८५२ मध्ये आनुन्त्सियाताच्या चाकातून आत आलेला मुलगा. त्याला ठरवलेले आडनाव 'जेनितो', म्हणजे जन्मलेला. लिहिताना एक अक्षर चुकले आणि ते 'जेमितो' झाले. इटालियनमध्ये त्याचा अर्थ कण्हणे. पुढे त्याने नापोलीतल्या रस्त्यावरच्या पोरांच्या मूर्ती घडवल्या आणि त्या पॅरिसपर्यंत गाजल्या.

साहित्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे उदाहरण उम्बेर्तो एको (१९३२–२०१६) यांचे. त्यांचे आजोबा टाकलेले मूल होते. 'एको' ही एका कारकुनाने जुळवलेली आद्याक्षरे, 'एक्स केलिस ओब्लातुस' म्हणजे 'स्वर्गातून अर्पण झालेला' याची, असे सांगितले जाते. चिन्हविज्ञानाच्या पंडिताचे आडनावच सांकेतिक लघुरूप निघावे, ही गंमत खुद्द एकोंनाही आवडली असणार. त्यांच्या 'फूकोचा लंबक' (१९८८) या कादंबरीतला दिओताल्लेवी आठवावा. 'देव तुला वाढवो' असा त्या आडनावाचा अर्थ; आणि या आडनावाच्या बळावर, आपला आजोबा टाकलेला होता तेव्हा आपण ज्यू असलोच पाहिजे, असा भन्नाट सिद्धान्त तो जन्मभर कवटाळतो. अज्ञात उगमाच्या रिकाम्या जागेत माणूस काय काय भरू शकतो, याचे याहून चांगले चित्र मला माहीत नाही.

मुराच्या बंदीने नवे एस्पोझितो निर्माण होणे थांबले. आधीचे होते ते होतेच. त्यांची मुलेबाळे, नातवंडे वाढत राहिली. काही घराण्यांनी 'स्पोझितो' असे पहिले अक्षर गाळून घेतले, काही 'देस्पोझितो' झाली. स्पेनमध्ये 'एक्स्पोसितो' हे सख्खे भावंड. तिथल्या कायद्याने १९२१ पासून ते बदलून घेण्याची मोकळीक दिली. नापोलीकरांनी मात्र मोठ्या संख्येने ते तसेच ठेवले. आज रोस्सी, रुस्सो आणि फेर्रारी यांच्यानंतर इटलीत सर्वाधिक आढळणारे आडनाव म्हणून एस्पोझितोचे नाव घेतात, आणि नापोलीत तर ते पहिले आहे. रोस्सी आणि रुस्सो केसांच्या वा त्वचेच्या तांबूस रंगावरून आले, फेर्रारी लोहारकीवरून. त्यांच्या पंगतीला चाकातून आलेले आडनाव बसले आहे, आणि ते ऐकून नापोलीत कोणी मान वळवत नाही.

कायद्याला जे जमले नाही ते संख्येला जमले, असे मला वाटते. गावात एकच एस्पोझितो असेल तर त्याच्याकडे बोट दाखवता येते. टेलिफोनच्या यादीत पानेच्या पाने एस्पोझितो असतील, डॉक्टर, कोळी, वकील, पिझ्झेवाला (राणी मार्गेरितासाठी १८८९ मध्ये पिझ्झा केल्याची आख्यायिका ज्याच्या नावावर आहे तो राफाएले एस्पोझितोच), तर बोट कोणाकडे दाखवणार? आडनाव ऐकताच ऐकणाऱ्याच्या मनात जातीचा नि गावाचा हिशेब सुरू होतो, हे हजेरी घेणाऱ्या माझ्यासारखीला नवे नाही. तो हिशेब चुकवण्यासाठी आडनाव टाकून देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांचे चुकते असे मी कधी म्हणणार नाही. पण नाव न टाकता त्यातला डंख बोथट होऊ शकतो, याचे नापोली हे एक उदाहरण आहे. त्याला दोनशे वर्षे लागली, हेही तितकेच खरे.

१८७६ ते १९१५ या काळात इटलीतून सुमारे एक कोटी चाळीस लाख लोक बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर हे आडनावही बोटीवर चढले. नव्या जगात अर्थ गळून पडला. कॅनडात फिल आणि टोनी एस्पोझितो हे भाऊ बर्फावरच्या हॉकीत नावाजले. नापोलीकर वडिलांचा, १९५८ मध्ये कोपनहेगनला जन्मलेला जानकार्लो एस्पोझितो अमेरिकन मालिकांमधून घरोघरी पोचला. इंग्रजी बोलणारे आघात 'झी'वर देतात. इटालियनमध्ये तो 'पो'वर आहे. अर्जेंटिनाच्या एदुआर्दो साचेरीच्या कादंबरीतल्या नायकाचे आडनाव चापार्रो. तिच्यावरून २००९ मध्ये चित्रपट झाला तेव्हा तो एस्पोसितो झाला.

आनुन्त्सियाताचे चाक १८७५ मध्ये बंद झाले. आज इटलीत बाई रुग्णालयात बाळंत होऊन आपले नाव न देता जाऊ शकते. कायदा तिला तो हक्क देतो. अशा मुलाचे नाव निबंधक ठरवतो. २००० सालच्या नियमानुसार त्या नावातून वा आडनावातून मुलाचा उगम सूचित होता कामा नये, आणि ते ऐतिहासिक महत्त्वाचे किंवा त्या भागातल्या नामांकित घराण्याचेही असू नये. २०२२ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने बापाचेच आडनाव आपोआप लागण्याची रीतही मोडली. आता आईचे आडनावही मुलाला मिळते. पहिल्या एस्पोझितोंच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवला नव्हता.

आनुन्त्सियाताच्या दप्तरात वंशावळ शोधायला आजही लोक येतात. नातवापासून आजोबा, आजोबांपासून खापरपणजोबा असे मागे जात जात ते एका पानापाशी पोचतात. तिथे तारीख असते, तास असतो, कापडाचे वर्णन असते. त्याच्या मागचे पान कोणत्याच वहीत नाही.