घोड्यांच्या वाटेवर

मेनोर्का. सकाळी फावारिचच्या दीपस्तंभापासून सायकल काढली. 'कामी दे कवाल्स', म्हणजे घोड्यांची वाट. पूर्वी पहारेकरी घोड्यावरून हा किनारा राखत. बेटाला वळसा घालणारी ही १८५ किलोमीटरची वाट २०१० मध्ये सर्वांसाठी पुन्हा खुली झाली. इथला दगड काळा, पाटीचा, टोकदार. चाक घसरतं, पोटऱ्या भरून येतात. उत्तरेचा त्रामुंताना वारा अंगावर आला, तेव्हा उतरून सायकल ढकलली. त्यात कमीपणा कसला? रानऑलिव्हच्या वाकड्या लाकडांची फाटकं मात्र किती देखणी! एकावर हात फिरवत कितीतरी वेळ उभी राहिले. पलीकडे गाई चरत होत्या. इथे याल, तर फाटक आठवणीनं मागे लावून घ्या.