आईची पांढरी गोळी

आमची आई चार घरची धुणीभांडी करायची. २००६ साली तिची मनगटे सुजली, सकाळी बोटे मिटेनात. काम सोडणे परवडणारे नव्हते. वस्तीतल्या एका दवाखान्यातून बारक्या पांढऱ्या गोळ्या मिळाल्या आणि तिसऱ्या दिवशी आई पदर खोचून नळावर उभी! डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असे आम्ही भावंडेच चाळभर सांगत फिरलो. पुढे डॉक्टरकडे जाणेही सोडले. मेडिकलवाला ओळखीचा, दहा गोळ्यांची पट्टी मागितली की मिळायची. तीन वर्षे आम्ही ती आणली.

वर्षभरात आईचा चेहरा गोल झाला, पोट सुटले. शेजारणी म्हणायच्या, "सुनेच्या हातचं मानवलं हो!" आम्हीही सुखावलो. हातपाय मात्र काटक्यांसारखे. बांगडी लागली तरी काळानिळा डाग पडायचा. मग एकदा हंडा उचलताना पाठीत कट्‌ झाले, मणका दबला. तिची उंची कमी झाल्याचे आम्हांला साडीवरून कळले. निऱ्या जमिनीला लोळू लागल्या होत्या.

कोणीतरी म्हणाले, हे स्टिरॉइड आहे, विष आहे. त्याच रात्री आम्ही सगळ्या पट्ट्या गटारात टाकल्या. शहाणपण केले असे वाटले. तिसऱ्या दिवशी आईला उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, उठून बसवेना. सरकारी इस्पितळात नेले तेव्हा रक्तदाब कोसळलेला, साखर मात्र वाढलेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. आईची गोळी, प्रेडनिसोलोन, म्हणजे त्याचीच कारखान्यात बनवलेली नक्कल. रोज आयते मिळू लागले की ग्रंथी झोपी जातात. गोळी एकदम तोडली तर अंगात ना बाहेरचे, ना घरचे. माणूस दगावूही शकतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी थोडी कमी करायची असते. आईची कमी करायला आठ महिने लागले. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशनही झाले.

गोळीला शिव्या देऊन मात्र आम्ही मोकळे होणार नाही. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी याच जातीचे कॉर्टिसोन आमवाताच्या एका बाईला दिले, आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० साली त्यांना नोबेल मिळाले. २०२० साली करोनात ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे प्राण वाचवायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइडच कामी आले. आमच्या घरात बिघडले ते, किती दिवस घ्यायची हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही म्हणून.

आईला आमवात होता, हेही त्या इस्पितळातच कळले. आता त्याची गोळी आठवड्यातून एकदाच असते, रक्त तपासावे लागते. गुण सावकाश येतो. थंडीत बोटे आखडली की आई अजून हळूच विचारते, "ती बारकी पांढरी मिळते का रे अजून? तिनं कसं हलकं हलकं वाटायचं."