दोन सुया आणि सावदा

सावदा म्हटलं की केळी! भुसावळला उतरायचं, तापी ओलांडायची, बामणोद-फैजपूर मागे टाकायचं, की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळाला. रावेर तालुक्यातलं सावदा म्हणजे या केळीच्या व्यापाराचं जुनं ठिकाण. पण मंडळी, मी तिथे केळी खायला नाही, चामड्याचं कार्ड-होल्डर शिवायला शिकायला गेले होते.

दचकू नका. शहरात सध्या लेदर क्राफ्ट एकदम ‘इन’ आहे. वीकेण्डला वर्कशॉप, सोबत कॉफी, आणि संध्याकाळी स्वतः शिवलेलं पाकीट घेऊन घरी. फी ऐकली की आधीचं पाकीट मात्र रिकामं होतं. म्हटलं, ज्यांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यांच्याकडेच का शिकू नये? मैत्रिणीचं आजोळ सावद्याचं. तिच्या मामांनी एका चर्मकार काकांशी गाठ घालून दिली.

बागा भिजवणारी शिलाई

काकांचं दुकान म्हणजे चार बाय सहाची टपरी. आत संत रोहिदासांची तसबीर, लोखंडी तिपाई, रापी, आरी आणि मेणाचा गोळा. काकांचा पहिला प्रश्न : ‘‘पोटासाठी शिकायचंय का हौसेसाठी?’’

‘‘हौसेसाठी,’’ मी म्हटलं.

‘‘मग बरंय. हौसेचं काम सावकाश होतं.’’

या दुकानाचं आणि बागांचं नातं जुनं आहे. विजेचे पंप येण्याआधी विहिरीचं पाणी बैलांनी ओढलेल्या मोटेनं वर यायचं आणि मोट असायची चामड्याची. एवढ्या पाण्याचं ओझं, रोजची ओढाताण, तरी शिवण उसवता कामा नये! काकांचे आजोबा मोटा आणि त्यांच्या सोंडा शिवायचे. पुढे लोखंडी मोटा आल्या, मग पंप आले आणि ते काम संपलं. आता काकांच्या वाट्याला उरलेत चपलांचे तुटके अंगठे आणि कॉलेजच्या बॅगांच्या चेन. शिलाई मात्र तीच, दोन सुयांची.

आता शिकू या

चामडं आधी. काका म्हणाले, म्हशीचं किंवा शेळीचं घ्या. (राज्यात गाईंच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे, हे लक्षात असू द्या.) जाडी एक ते दीड मिलिमीटर पुरे. बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्यानं कमावलेलं चामडं नवख्यांसाठी सर्वांत सोयीचं. ओळखायचं कसं? पाण्याचा थेंब टाका. बहुतेक वेळा तो आत शोषला जातो आणि तेवढा डाग गडद होतो. क्रोमनं कमावलेल्या चामड्याची कापलेली कड बरेचदा आतून निळसर-राखाडी दिसते.

मग माप. आपलं एटीएम कार्ड साधारण ८.६ बाय ५.४ सेंटिमीटरचं असतं. म्हणून १० बाय ६ सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्यायचे. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, तो चामड्यावर ठेवून रेघ मारा. काका रापीनं एका झटक्यात कापतात. आपण धारदार कटर आणि स्टीलची पट्टी घ्यावी आणि जोर न लावता दोन-तीनदा हात फिरवावा. दोन्ही तुकड्यांच्या वरच्या कडेला मधोमध अंगठ्याएवढा अर्धगोल कापा, म्हणजे कार्ड सहज बाहेर येईल.

तीन बाजूंच्या कडांना आतून सोल्युशनचा बारीक हात द्या आणि तुकडे चिकटवा. कडेपासून चार मिलिमीटर आत रेघ आखा. भोकांचं अंतर सारखं ठेवायला काकांनी मला जेवणाचा काटा वापरायला सांगितलं! काटा रेघेवर दाबायचा, खुणा उमटतात. पुढच्या वेळी शेवटच्या खुणेत पहिला दात बसवायचा. खाली लाकूड ठेवून आरीनं भोकं पाडा. तीन बाजू मिळून पन्नास-पंचावन्न होतात.

आता खरी गंमत. दोरा शिवणीच्या चौपट घ्यायचा. आपली शिवण २२ सेंटिमीटरची, म्हणजे मीटरभर दोरा. मेणावरून दोनदा ओढा आणि दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. पहिल्या भोकातून दोरा अर्धा पलीकडे काढा. पुढच्या प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक इकडून, एक तिकडून, आणि दोन्ही हातांनी सारखाच ताण. शेवटी दोन-तीन टाके उलटे घालून दोरा कापा. मशीनच्या शिलाईत एक टाका तुटला की पुढचे सुटत जातात. इथे एक दोरा तुटला, तरी दुसरा धरून ठेवतो. ‘‘मोट अशीच टिकायची,’’ काका म्हणाले.

कडा बारीक पॉलिशपेपरनं घासा, पाण्याचं बोट फिरवा आणि गुळगुळीत लाकडानं चकाकी येईपर्यंत रगडा. झालं!

हौस आणि हिशेब

फैजपूर इथून जवळच. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे खेड्यातलं पहिलं काँग्रेस अधिवेशन भरलं. अध्यक्ष पंडित नेहरू. सोबत ग्रामोद्योगांचं प्रदर्शनही होतं. त्याचा आग्रह धरणारे गांधीजी स्वतः दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर चपला करायला शिकले होते. बॅरिस्टरनं बनवलेला एक जोड जनरल स्मट्सना भेट गेला, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा तर आपण सगळेच हक्कानं भांडलो.

आणि सावद्यात? मी बसले होते तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. काकांनी अंगठा शिवायचे वीस रुपये सांगितले. तो म्हणाला, दहा घे. काकांनी पंधरा घेतले. हौसेनं केलं की ‘क्राफ्ट’, आणि जातीनं वाट्याला आलं की त्याच टाक्यांची घासाघीस!

काकांचा मुलगा पुण्यात एका कंपनीत आहे. चांगला कमावतो, घरी पैसे पाठवतो. ‘‘ऑफिसात त्यानं सांगितलेलं नाही, बाप काय करतो ते,’’ काका रापीची धार बघत म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. ‘‘मीच म्हटलं, नको सांगू.’’

म्हणून वर्कशॉपला जरूर जा. पण कोपऱ्यावरच्या काकांकडे एक दुपार बसून शिकायला मिळालं, तर तेवढीच फी त्यांच्या हातावर ठेवा. आणि नवं कार्ड-होल्डर ऑफिसात मिरवताना ते कुणाकडून शिकलात, हे मोठ्यानं सांगा. काकांचा मुलगा कदाचित तुमच्याच फ्लोअरवर बसत असेल.

जाताय?

कसं जाल : मुंबईहून रात्रीच्या गाडीनं भुसावळ, तिथून फैजपूरमार्गे रस्त्यानं सावदा.
कधी जाल : हिवाळ्यात. बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी चुकवू नका.
सामान : चामड्याचे तुकडे मुंबईत धारावीत मिळतात. आरी, मेण आणि सोल्युशन कुठे मिळेल, ते कुठल्याही चर्मकार काकांना विचारा.