शून्याच्या भरवशावर

एसइओचं, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याचं, काम करायला लागून मला नऊ वर्षं झाली. त्यातली निम्मी तरी मी चुकीचा सल्ला देण्यात घालवली, आणि त्याचे पैसेही घेतले.

गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये ‘स्पर्धा’ असा एक रकाना असतो. तिथे ‘कमी’ दिसलं की मी क्लायंटला बेधडक सांगायचो, इथे आपण सहज वर येऊ. ती स्पर्धा जाहिरातदारांची. शोधात पैसे न देता वर येणाऱ्या पानांशी तिचा संबंध नाही. हे कळायला मला दोन वर्षं लागली. कुणी लपवून ठेवलं नव्हतं, मीच वाचलं नव्हतं.

मग वर्गणी भरून कीवर्ड तपासायचं टूल घेतलं. प्रत्येक कीवर्डपुढे 0 ते 100 मध्ये कठीणता. चार-सहा शब्दांच्या लांबलचक शोधांपुढे बहुतेक वेळा शून्य. मला वाटायचं, ही तर मोकळी जमीन!

पुण्याच्या तांबट आळीतल्या एका दुकानासाठी ‘तांब्याची पाण्याची बाटली आतून कशी साफ करावी’ यावर लेख केला. कठीणता शून्य. सहा महिन्यांनी लेख तिसऱ्या पानावर. दुकानाच्या मालकीणबाईंना मी म्हणालो, “थोडा वेळ लागतो.”

त्या म्हणाल्या, “अहो, आम्हाला रोज फोन येतात, पातेल्याला कल्हई करून मिळेल का म्हणून. त्यावर का नाही लिहीत?”

मी टूल उघडून दाखवलं. शोध शून्य. “हे कुणी शोधतच नाही,” मी म्हणालो.

“मग फोन कोण करतं?”

उत्तर नव्हतं. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर टाइप केलं, ‘पितळी पातेल्याला कल्हई पुण्यात कुठे करून मिळेल’, आणि फोन माझ्यापुढे धरला. दहाच्या दहा निकाल आम्ही उघडून पाहिले. कल्हईवाले दुर्मीळ झाल्याच्या हळहळत्या बातम्या, नवसागर आणि कथलाचे व्हिडिओ, पितळेत आमटी का कळकते यावरचे लेख. पत्ता नाही, दर नाही, भांडं किती दिवसांनी परत मिळेल ते नाही. विचारणाऱ्याला हवं ते एकाही पानावर नव्हतं.

घरी येऊन बाटलीचा शोधही तसाच उघडून पाहिला. वर मोठी वर्तमानपत्रं आणि विक्रीच्या बड्या साइट्स, नेमकं तेच उत्तर देणाऱ्या. माझ्या टूलचा कठीणतेचा आकडा मुख्यतः वरच्या दहा पानांना किती साइट्सनी लिंक दिली, यावरून निघतो. अशा बारीक विषयावरच्या पानाला लिंक देणार कोण? म्हणून शून्य. पण त्या पानामागे उभी असलेली साइट केवढी आहे, ते त्या शून्यात येत नाही. निकाल उघडून बघायला मला शिकवणाऱ्या बाईंना एसइओ हा शब्दही माहीत नव्हता. मी इतकी वर्षं निकालांचं पानच न बघता निकाल सांगत होतो. निव्वळ आळस, दुसरं काही नाही.

कल्हईचं पान बाईंनी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं: आकारानुसार दर, लागणारे दिवस, भांडं घासून आणावं की नाही. तीन आठवड्यांत ते पहिल्या पानावर आलं. टूलमध्ये त्या शोधापुढे आजही शून्यच दिसतं. वर्गणी मी अजून भरतो.