वीस रात्रींची जागल

४ मे २०२५, चोरखमारा
जनुक-संपादन केलेले धानाचे दोन वाण भारतीय कृषी संशोधन परिषदेने आज दिल्लीत जाहीर केले. 'कमला' सांबा मसुरीतून, हैदराबादेत घडवलेला; 'पुसा डीएसटी राइस १' आपल्या ओळखीच्या १०१० या वाणातून. कमला महाराष्ट्रासाठीही आहे आणि मूळ वाणापेक्षा वीस दिवस आधी पिकतो. बाबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे जागल वीस राती कमी?" नागझिऱ्याचं जंगल शेताला लागून. लोंब भरली की रानडुकरं बांधीत उतरतात.

११ जुलै
रोवणी. पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकता टाकता काकूने विचारलं, ते कमला धान बनवलं कसं? बांधावर बसून सांगितलं.

जिवाणूंवरही विषाणू हल्ला करतात. वाचलेला जिवाणू त्या विषाणूच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतो. तोच विषाणू परत आला की तुकड्याची आरएनए-नक्कल कॅस नावाच्या विकराला नेमकी जागा दाखवते आणि विकर विषाणूचा डीएनए कापतं. २००७ मध्ये हे सिद्ध झालं ते दह्या-चीजच्या विरजणातल्या जिवाणूवर! २०१२ मध्ये शार्पेंटिए आणि डाउडना यांनी दाखवलं की तो आरएनए आपण लिहून दिला, तर कॅस९ हे विकर आपल्याला हवं तिथे कापतं. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

काप पेशी स्वतःच सांधते, पण सांधताना एखाद-दुसरं अक्षर गळतं आणि जनुक बंद पडतं. कमलात बंद पाडलेलं जनुक सायटोकायनिन हे संप्रेरक मोडणारं विकर बनवतं. ते थांबलं की संप्रेरक लोंबीत टिकतं, दाणे जास्त धरतात.

"मंग दुसऱ्याचं काही घातलं नाही त्यात?" काकू म्हणाली. तयार वाणात परकं जनुक राहत नाही. म्हणूनच २०२२ मध्ये केंद्राने अशा पिकांना जीएम नियमांतून सूट दिली.

२ सप्टेंबर
तलाव भरला. रात्रभर पाऊस.

२६ ऑक्टोबर
हलकं धान कापून झालं, भारी उभंच. बाबा मचाणावर. कमलाचं उत्पादन मूळ वाणाच्या हेक्टरी ४.५ ऐवजी सरासरी ५.३७ टन, असं परिषद सांगते. मला या विज्ञानाचा मनापासून आनंद आहे, म्हणूनच चाचण्यांचा प्रत्येक आकडा खुला हवा. कॅस९ ची मूळ पेटंटं परदेशी संस्थांकडे आहेत. त्यांचा भार बियाण्याच्या किमतीत उतरू नये, आणि घरचं बी पुढच्या वर्षी पेरायची मुभा लेखी असावी. साकोली आणि सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रांवर आमच्याच मातीत हा वाण वाढताना शेतकऱ्यांना पाहू द्यावा, बाबांना तिथे घेऊन जायचं आहे.