बारा क्रेटची परसबाग

मुलुंडला राहणाऱ्या माणसाला कचऱ्याविषयी वेगळे सांगावे लागत नाही. पूर्वेला हरिओम नगरजवळ १९६७ पासून डम्पिंग ग्राऊंड होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथे कचरा टाकणे बंद झाले आणि साठलेला सुमारे ७० लाख टन कचरा उपसण्याचे काम हाती घेतले गेले. पण घराघरातला कचरा काही थांबला नाही. त्याच्या गाड्या कांजूरमार्ग-देवनारच्या वाटेला लागल्या, इतकेच. मेथीच्या काड्या, दुधीची साले, केळीची सालपटे, उकळून झालेली चहापत्ती या सगळ्यात जमिनीचा कस असतो. तो आपण पैसे देऊन बाजारातून घरी आणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत भरून फुकट देऊन टाकतो.

परसबाग हा शब्द मला फार आवडतो. परस आपल्या मराठी घरामागचे आणि बाग फारसीतून आलेली. दोन्ही शब्द एकमेकांत असे मिसळून गेले आहेत की कोण कुठले हे आता कोणी विचारत नाही. परंतु मुंबईच्या फ्लॅटला परस नसते. घराच्या मागे दुसऱ्याचे घर असते. मग बाग कुठे लावायची? उरते ती खिडकीची ग्रिल आणि डोक्यावरची गच्ची.

मुंबईत गच्चीवर भाजी पिकवण्याची कल्पना नवी नाही. डॉ. आर. टी. दोशी या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी उसाच्या रसवंतीवरची चिपाडे, कुजलेला ओला कचरा आणि मूठभर माती एवढ्यावर पिशव्यांतून आणि पिंपांतून भाज्या, फळे घेऊन दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात कामगारांचे जेवण तयार होई आणि रोजचा कचरा साचे. तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली त्याच स्वयंपाकघराच्या गच्चीवर त्या कचऱ्यातून बाग उभी केली. या सगळ्यांच्या मागे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचा ‘प्रयोग परिवार’ होता. दाभोलकर गणिताचे शिक्षक. शेतीत किती जमीन आहे यापेक्षा पानावर किती ऊन पडते याचा हिशेब आधी करा, असा त्यांचा आग्रह. मीही शाळेत गणितच शिकवते, तेही उर्दूतून. त्यामुळे हा माणूस मला ओळखीचा वाटला.

आमच्या घरी हा विषय निघाला तो अब्बांमुळे. अब्बा म्हणजे माझे सासरे. सारी हयात माणगाव तालुक्यातल्या गावी वाडी केली. अम्मी गेल्यावर त्यांना एकटे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही त्यांना मुलुंडला आणले. चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांना सगळे काही होते, फक्त काम नव्हते. पेपर वाचून झाला की नमाजच्या वेळेपर्यंत खिडकीत बसायचे. एकदा म्हणाले, “बेटा, इथं माझं काय काम? मला गावाला पोचव.” त्यांच्या पायात बळ होते, हातात हुन्नर होते. पण ते लावायला चार हात जमीन नव्हती.

गच्चीसाठी सोसायटीकडे अर्ज केला. कमिटीने चार प्रश्न विचारले : गळती होईल का, स्लॅबला भार सोसेल का, डास होतील का, आणि खत कशाचे? चौथा प्रश्न एका शेजारणीने जरा चाचरतच पुरा केला, “टीचर, खतात मच्छी-मटणाचं काही नसेल ना?” इमारतीत मुसलमानाचे घर आमचे एकटेच. शाकाहारी कुटुंबे बरीच. प्रश्न मला लागला, हे लपवत नाही. पण उत्तर मात्र सरळ होते. गच्चीवरच्या उघड्या खतात मांस-मासळीचे उरलेसुरले कोणीच घालू नये. वास सुटतो, उंदीर-घुशी येतात, कावळे-घारी उकिरडा करतात. आमच्या खतात फळे-भाज्यांची साले, सुकी पाने आणि थोडे शेण याखेरीज काही नसेल, असे लिहून दिले. विज्ञानाने जे करायला सांगितले तेच शेजाऱ्यांनाही हवे होते.

भाराचा हिशेब अधिक महत्त्वाचा. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो भार धरला आहे. एक फूट जाडीची माती पसरली आणि ती पावसात भिजली तर तेवढ्याच जागेवर पाचशे किलोच्या आसपास वजन होते. गावच्या वाफ्याची नक्कल गच्चीवर चालत नाही ती यामुळे. म्हणून फळवाल्याकडचे प्लास्टिकचे क्रेट घेतले, दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद. आत गोणपाट, त्यावर चिपाडे, सुकी पाने, कुजलेले खत आणि थोडीच माती, उंची सहा इंच. भिजल्यावर एका क्रेटचे वजन तीसेक किलो, म्हणजे चौरस मीटरला सव्वाशे. तेही सलग न मांडता अंतर सोडून, तुळयांच्या वरच्या बाजूला, विटांवर उचलून ठेवले. विटांमुळे खाली पाणी तुंबत नाही आणि स्लॅब डोळ्यांसमोर राहतो. क्रेटखाली ताटल्या ठेवल्या नाहीत, त्यामुळे डासांचाही प्रश्न मिटला. इमारत जुनी असेल तर एवढ्यावर न थांबता इंजिनिअरला जरूर दाखवावे. आम्ही दाखवले आणि बारा क्रेटची परवानगी एका वर्षापुरती मिळाली.

आता बारा क्रेटमध्ये काय लावायचे? अब्बांची यादी गावची होती : पडवळ, दुधी, भेंडी, वांगी, रताळी. मी वही काढली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ च्या मार्गदर्शिकेत प्रौढ माणसाला रोज ३०० ग्रॅम भाजी सांगितली होती, त्यात ५० ग्रॅम पालेभाजी. आम्ही घरात पाच माणसे. म्हणजे रोज दीड किलो, महिन्याला ४५ किलो. बारा क्रेटमधून एवढे निघणे अशक्य. पालेभाजी मात्र आठवड्याला पावणेदोन किलो लागते, आणि त्यातला बराचसा वाटा आपण उचलू शकतो. मग नियम ठरला : जे लवकर येते, लवकर कोमेजते आणि स्वयंपाकात रोज लागते ते वर पिकवायचे. जे टिकते आणि स्वस्त मिळते ते बाजारातून आणायचे. कांदा, बटाटा, दुधी यादीतून गेले. सहा इंचांत कंदमुळे पोसत नाहीत म्हणून रताळी गेली. यादीतून नावे काढताना अब्बांचा चेहरा उतरत होता. पण पडवळाचा एक वेल त्यांनी हट्टाने ठेवून घेतला, आणि मीही ठेवू दिला.

ऊनही वहीत लिहावे लागते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, डिसेंबरात तो बराच दक्षिणेला झुकतो. त्यामुळे दक्षिणेच्या ज्या ग्रिलमध्ये थंडीत भरपूर ऊन येते, तिथेच पावसाळ्याच्या तोंडावर छज्जाची सावली असते. फळभाजीला सहा तास ऊन हवे. पालेभाजी, पुदिना तीन-चार तासांवर भागवतात. म्हणून टोमॅटो-मिरची गच्चीच्या मोकळ्या भागात, पुदिना पाण्याच्या टाकीच्या सावलीला.

वेळापत्रकाचे गणित मुलांनाही समजेल असे आहे. मेथी चार-पाच आठवड्यांत कापायला येते. पाच क्रेट एकदम पेरले तर एका आठवड्यात मेथीच मेथी आणि मग महिनाभर काहीच नाही. दर रविवारी एकच क्रेट पेरला तर दर आठवड्याला एक कापणी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मेथी, पालक, कोथिंबीर. उन्हाळ्यात लाल माठ. पावसाळ्यात अळू आणि अंबाडी. टोमॅटोची रोपे पाऊस ओसरल्यावर. उरलेल्या क्रेटमध्ये मिरची, पुदिना, कढीपत्ता कायमचे. जोराच्या सरीने बी वाहून जाते. यावर उपाय अब्बांचा. पेरल्यावर क्रेटवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधायचा. ही गोष्ट माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

पाण्यासाठी वेगळा नळ नाही. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी आणि वजूचे पाणी घमेल्यात धरून वर जाते. वजूच्या पाण्यात साबण नसतो, त्यामुळे झाडांना ते चालते. अब्बा फजरनंतर छोटी बादली घेऊन एक जिना चढतात. मावा पडला तर पान उलटे करून बघतात आणि कडुलिंबाच्या तेलाचे पाणी फवारतात. गावाला जायचे म्हणतात अजून, पण आता म्हणतात, “मेथी निघाली की जाऊ.” मेथी दर आठवड्याला निघते.

पहिल्या वर्षाचा जमाखर्च मी मांडला आहे. क्रेट, गोणपाट, बियाणे, शेण यांचा खर्च भाजीच्या किमतीतून जेमतेम निघाला. पैशाच्या लोभाने कोणी यात पडू नये. पण आमच्या घरची ओल्या कचऱ्याची बादली निम्म्यावर आली. पुदिना इतका माजला की जुड्या करून मजल्यामजल्यावर दिल्या. खताविषयी विचारणाऱ्या त्या शेजारीण आता स्वतःच्या घरची साले डब्यात भरून अब्बांकडे आणून देतात आणि अब्बा डब्याचे झाकण उघडून आत काय आहे ते आधी तपासून घेतात. इमारतीत काही जणांना गच्ची मोकळीच हवी आहे, तेही आपल्या जागी बरोबर आहेत. गच्ची सगळ्यांची असते.

परवानगीचे वर्ष संपत आले आहे. येत्या सर्वसाधारण सभेत पुन्हा मत घेतले जाईल. मी वही घेऊन जाणार आहे. त्यात वजन, पाणी, पेरणीच्या तारखा आणि कोणत्या घरी किती जुड्या गेल्या याची नोंद आहे. सभेने हो म्हटले तर पुढच्या रविवारी सहावा क्रेट पेरायचा. नाही म्हटले तर ग्रिलमध्ये तीन क्रेट मावतात, हे अब्बांनी टेप लावून आधीच मोजून ठेवले आहे.